‘त्यांच्याच लोकांनी विकलं’ म्हटल्यावर

आफ्रिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की थोड्या वेळाने कोणीतरी हे म्हणतंच, की अहो पण त्यांना त्यांच्याच लोकांनी विकलं ना, मग गोऱ्यांना एकट्याला कशाला दोष देता. व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणतात, टीव्हीवरच्या चर्चेत म्हणतात, आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय मी. आणि हे खोटं नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. विकलं होतं. राजांनी विकलं, सरदारांनी विकलं, दलालांनी विकलं. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे हे म्हटलं की विषय तिथेच मिटतो, लोक मान डोलावतात आणि दुसरं बोलायला लागतात. मी ज्या देशात काजूच्या धंद्यासाठी जात राहिलो त्या पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये मात्र बोलणं सुरूच इथून होतं, आणि मग भांडण होतं, खरंखुरं, आवाज चढवून.

आम्ही राजापूरकडचे. कोकणातल्या काजू फॅक्टऱ्यांना आपल्या बागांची बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकन बी मागवावी लागते, आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी बिसाव, हे आमच्याकडे शाळा न शिकलेल्या माणसालाही पाठ असतं. फेब्रुवारी ते मे सीझन. उत्तरेला पाराकू नावाचं गाव आहे तिथे माल गोळा होतो, पोती उघडायची, सॅम्पल काढायचं, बी कापून बघायची, आउटटर्न काढायचा, म्हणजे पोत्यातून चांगला गर किती निघेल ते, मॉइश्चर बघायचं आणि मग ट्रक कोतोनू बंदराकडे सोडायचे. 2024 च्या एप्रिलपासून तिथल्या सरकारने कच्ची बी बाहेर न्यायला बंदी घातली, प्रोसेसिंग आमच्याकडेच करा म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण त्याआधीच्या सीझनना पाराकू ते कोतोनू हा रस्ता मी गाडीतून पुष्कळ केलाय, आणि आपल्या इकडच्यांना ऐकवावं असं जे काही आहे ते बरंचसं त्याच गाडीत ऐकलंय.

गाडीत दोघं असायचे. ड्रायव्हर आबोमेचा, म्हणजे जुन्या दाहोमे राज्याची जी राजधानी होती तिथला, जातीने फॉन. गोडाऊनचा सुपरवायझर केतूकडचा, नागो, म्हणजे योरुबांपैकी. दोघांची दोस्ती पक्की, एका ताटात जेवणारे. 2022 साली कोतोनूत समुद्राजवळ तीस मीटर उंच पुतळा उभा राहिला, दाहोमेच्या राजांच्या फौजेत लढणाऱ्या बायकांपैकी एकीचा, हातात हत्यारं, आता सगळे टुरिस्ट तिथे फोटो काढतात. ड्रायव्हरला त्याचा कोण अभिमान. फ्रेंचांशी लढल्या आमच्या बायका, म्हणाला, आणि ते खरंच आहे, 1892 च्या लढाईत फ्रेंचांना त्यांनी चांगलंच झुंजवलं. सुपरवायझर खिडकीतून बाहेर बघत गप्प होता तो एकदम मला म्हणाला, पात्रों (म्हणजे मालक), ह्याला विचारा त्या बायका फ्रेंच यायच्या आधी कोणाशी लढत होत्या. मग तोच सांगायला लागला. दर वर्षी पावसाळा संपला की दाहोमेची फौज निघायची, पहाटे गाव घेरायचं, म्हातारे मारायचे, बाकीचे बांधून न्यायचे. केतू त्यांनी 1886 साली जाळलं. शहराचा जुना दरवाजा तेवढा अजून आहे. माझ्या आजीच्या आजीला ह्यांनीच नेलं, म्हणाला, आणि आता तिला नेणारणीचा पुतळा बघायला माझ्या पोरांना शाळेच्या सहलीत नेतात.

ड्रायव्हर चिडला नाही, पण त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. त्याचं म्हणणं, तुम्हा लोकांना आमचा राजा दिसतो, राजाच्या हातातली बंदूक कुठून आली ते दिसत नाही. बोहिकॉन येईपर्यंत दोघं तोंडाने भांडत होते आणि मी मागच्या सीटवर ऐकत होतो, अर्धंमुर्धं फ्रेंच, मध्ये फॉन, मध्ये नागो. माझ्या लक्षात आलं ते एवढंच की ‘त्यांच्याच लोकांनी’ असं आपण ज्याला म्हणतो तशी वस्तू ह्या गाडीत नाही. केतूच्या माणसासाठी आबोमेचा राजा आपला नव्हता, आबोमेच्या राजासाठी केतूची माणसं आपली नव्हती. आफ्रिकन ही ओळख विकणाऱ्याच्या डोक्यात नव्हती आणि विकल्या जाणाऱ्याच्याही. ती ओळख समुद्रापलीकडे गेल्यावर लादली गेली, जिथे कोण कुठल्या गावचा कुठल्या भाषेचा हे कोणी विचारतच नव्हतं. भाऊ भावाला विकतोय असं चित्र जे आपण डोळ्यासमोर आणतो ते चुकीचं आहे. शेजारच्या राज्यावर धाड घालून पकडलेली माणसं परक्या व्यापाऱ्याला विकणं, हे चित्र बरोबर. ते कमी भयानक आहे का? अजिबात नाही. पण वेगळं आहे.

कोतोनूपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर उईदा आहे. 1727 साली दाहोमेच्या अगाजा राजाने हे बंदर जिंकून घेतलं आणि तिथून पुढे शंभराहून जास्त वर्षं ह्या एका गावातून माणसं जात राहिली, आधीची धरून एकूण दहा लाखांच्या आसपास. सगळ्या अटलांटिक व्यापाराचा आकडा आहे सव्वा कोटी, म्हणजे एवढी जहाजात चढवली, त्यातली वाटेतच अठरा लाख मेली. गावातून किनाऱ्यापर्यंत जो मातीचा रस्ता जातो तो साधारण चार किलोमीटर आहे, दोन्ही बाजूंना पुतळे, शेवटी समुद्राकडे तोंड करून उभी केलेली मोठी कमान, तिला परत न येण्याचा दरवाजा म्हणतात. वाटेत गाइड एक जागा दाखवतो, इथे झाड होतं, पुरुषांना त्याभोवती नऊ फेऱ्या आणि बायकांना सात फेऱ्या मारायला लावायचे म्हणजे गाव-नाव सगळं विसरतील. जुन्या कागदपत्रांत ह्या झाडाला आधार सापडत नाही असं इतिहासकार सांगतात, आणि मला उगाच वाटतं की ती गोष्ट नसती तरी चाललं असतं, तो रस्ताच पुरेसा आहे. दुपारी वाळू तापलेली असते, सावली नाही, समुद्राचा आवाज आधी येतो आणि समुद्र बऱ्याच उशिरा दिसतो.

गावात पोर्तुगीजांचा किल्ला आहे. छोटासा. दाहोमे, म्हणजे आजचं बेनिन, फ्रेंचांकडून स्वतंत्र झालं तरी पोर्तुगीज हा किल्ला सोडेनात, शेवटी 1961 च्या उन्हाळ्यात मुदत दिली तेव्हा जाताना आग लावून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा सुटला. आमच्या राजापुरापासून गोवा काही लांब नाही, त्यामुळे तिथल्या भिंतीवर 1961 वाचलं तेव्हा मला एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

आणि त्याच गावात दे सूझा घराण्याचा वाडा आहे. फ्रान्सिस्को फेलिक्स दे सूझा हा ब्राझीलहून आलेला, दाहोमेच्या गेझो राजाचा दोस्त आणि उईदातला सगळ्यात मोठा गुलामांचा व्यापारी, 1849 साली वारला. त्याला राजाने ‘चाचा’ हा किताब दिला, तो घराण्यात अजून चालू आहे. त्याच्या वंशात पुढे देशाचा अध्यक्ष झाला, एक आर्चबिशप झाला, ज्याने 1990 साली हुकूमशाही संपवणारी राष्ट्रीय परिषद चालवली. म्हणजे वंशात पाप उतरतं वगैरे असलं काही मी मानत नाही, त्या आर्चबिशपने देशावर उपकारच केलेत. पण वाडा उतरतो, नाव उतरतं, शिक्षण उतरतं. मला वाटतं सगळा प्रश्न इथेच आहे आणि आपण तो कातडीच्या रंगावर नेऊन ठेवतो.

ड्रायव्हरच्या बंदुकीच्या मुद्द्याकडे येतो. दाहोमेला बंदुका आणि बंदुकीची दारू बाहेरून लागायची, ती माणसांच्या बदल्यात मिळायची, बंदुका आल्या की आणखी धाडी, धाडी नाही घातल्या तर शेजारचा घालणार. ब्राझीलच्या बाहियातून तंबाखू यायचा, हलक्या प्रतीचा, काकवी चोपडलेला, त्याच्या गुंडाळ्यांवर माणसं विकली गेली. काँगोचा राजा अफोन्सो, स्वतः ख्रिस्ती झालेला, पोर्तुगालच्या राजाशी पत्रव्यवहार करणारा, त्याने 1526 साली लिहिलं की तुमचे व्यापारी आमची माणसं रोज पळवतायत, आमच्या सरदारांची मुलं, आमचे नातेवाईकसुद्धा, देश ओसाड पडतोय. हा राजा स्वतःही युद्धकैदी विकत होता, ते लपवायचं कारण नाही. पण धंदा हाताबाहेर गेलाय हे त्याला कळलं आणि त्याला तो थांबवता आला नाही. मागणी कुठून होती ते बघायलाच पाहिजे. आणि तिकडे पोचल्यावर काय झालं तेही. दाहोमेतली गुलामी मवाळ होती असं कोणी म्हणू नये, आबोमेत राजाच्या पूर्वजांच्या वार्षिक विधीत कैद्यांचे बळी जायचे. पण 1662 साली व्हर्जिनियाने कायदाच केला की मूल आईच्या दर्जावर जाईल, गुलाम बाईचं पोर गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे मालकानेच जन्माला घातलेलं मूल मालकाच्या मालमत्तेत जमा. हे आबोमेच्या राजाने लिहिलं नव्हतं.

आता कोसोलाचं सांगतो, कारण माझं मत ज्या एका माणसामुळे पक्कं झालं तो हा. बेनिनच्या आतल्या भागातला पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. 1860 साली दाहोमेच्या फौजेने त्याचं गाव पहाटे घेरलं, त्यात बायका-सैनिक होत्या, माणसं मारली, मुंडकी कापून बरोबर नेली. त्याला उईदाच्या कोठारात आणून ठेवलं. तिथे क्लोटिल्डा नावाचं जहाज अमेरिकेतून आलं. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला 1808 पासूनच बंदी होती, पण अलाबामातल्या मोबाइल शहरातला टिमोथी मीहेर नावाचा जहाजमालक पैज मारून बसला होता की मी आणून दाखवतो. 110 माणसं आणली, पुरावा राहू नये म्हणून जहाज जाळून बुडवलं. ते बुडालेलं जहाज 2019 साली सापडलं. मीहेरला शिक्षा झाली नाही. पाच वर्षांनी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कोसोला आणि त्याचे सोबती मोकळे झाले, कोसोलाचं नाव आता कजो लुईस झालेलं. त्यांना घरी जायचं होतं, जहाजाच्या भाड्याचे पैसे जमेनात. तेव्हा कोसोला मीहेरकडे गेला आणि म्हणाला, तू आम्हाला आमच्या मुलखातून आणलंस, आता आम्हाला ना देश आहे ना घर, तर थोडी जमीन दे. मीहेर म्हणाला मूर्ख समजतोस का मला. मग ह्या लोकांनी लाकडाच्या गिरणीत राबून, बायकांनी भाजी विकून, पैसे साठवले आणि जमीन विकत घेतली, काही तर मीहेरकडूनच, आणि आफ्रिकाटाउन नावाची वस्ती वसवली. कोसोला 1935 पर्यंत जगला. मीहेर घराण्याच्या नावावर मोबाइलमध्ये आजही जमिनी आहेत.

कोसोलाने आपल्याला पकडणारे दाहोमेचे होते हे कधी लपवलं नाही, विचारायला येणाऱ्याला तो स्वतः सांगायचा, सांगताना रडायचा. आपल्यापैकी कोणापेक्षाही त्याला ते जास्त माहीत होतं. तरी जमीन मागायला तो मीहेरच्या दारात गेला, कारण त्याच्या राबण्याचं पीक मीहेरच्या घरात साठलेलं होतं. दाहोमेच्या राजाचा गुन्हा वाढला म्हणून मीहेरचा कमी झाला असं त्याच्या मनात आलं नाही. जबाबदारी म्हणजे काय पंगतीतली जिलबी आहे, की एकाच्या पानात जास्त पडली की दुसऱ्याच्या पानात कमी येणार?

हिशेब करणं अशक्य असतं असं जे म्हणतात त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. हिशेब झालाय. ब्रिटनने 1833 साली आपल्या वसाहतींतली गुलामी संपवायचा कायदा केला तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई दिली, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण 40 टक्के. कोणाला? मालकांना. एकेका गुलामाची किंमत लावून, नाव-गाव लिहून, दावे तपासून. गुलामांना छदाम नाही, उलट पुढची काही वर्षं ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मळ्यात फुकट राबायचं. त्यासाठी काढलेलं कर्ज शेवटी 2015 साली फिटलं. म्हणजे जमैकातून बोटीने आलेल्या, लंडनमध्ये बस चालवलेल्या माणसाच्या पगारातून कापलेल्या टॅक्सनेसुद्धा त्याच्या पणजोबाच्या मालकाची भरपाई फेडली. हैतीच्या लोकांनी तर लढून स्वतःला सोडवलं, तरी 1825 साली फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक मागितले, मालकांचं नुकसान झालं म्हणून. एवढं सगळं मोजता आलं. तेव्हा आता मोजणं फार किचकट आहे हो, कोण कोणाला किती देणार, हे ऐकलं की मला संताप येतो.

मात्र आजच्या एखाद्या गोऱ्या पोराला, ज्याचा बाप पोलंडमधून मजुरीला आला, तू गुन्हेगार आहेस म्हणणं हेही मला मान्य नाही. रंगावरून गुन्हा ठरवणं हेच तर त्या कायद्यांनी केलं होतं. इंग्लंडच्या चर्चने आपल्या जुन्या फंडाच्या वह्या काढल्या, गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतवलेला सापडला, आणि 2023 साली 10 कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. कमी आहे का जास्त यावर तिकडे वाद चालू आहे, पण दिशा बरोबर आहे. वही काढा, पैसा कुठून आला बघा.

बेनिनचे तेव्हाचे अध्यक्ष केरेकू 1999 साली अमेरिकेत बाल्टिमोरला गेले आणि तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये आपल्या पूर्वजांनी विकलं म्हणून माफी मागितली. युरोपातल्या बहुतेक सरकारांच्या तोंडून तोपर्यंत असा शब्द निघाला नव्हता. ज्याच्याकडे बोट दाखवून आपण गप्प बसतो त्याने आधी माफी मागितली, हे आपल्या व्हॉट्सॲपवर कधी येत नाही.

आणि आपण फक्त बघे आहोत असंही नाही. गिनीच्या किनाऱ्यावर माणसं ज्या मालाच्या बदल्यात घेतली जायची त्यात गुजरातचं आणि मद्रासकडचं सुती कापड मोठ्या प्रमाणात होतं, तिथे त्याला मागणीच फार. उईदात चलन होतं कवड्यांचं आणि त्या कवड्या मालदीवच्या, हिंदी महासागरातून युरोपला आणि तिथून आफ्रिकेला. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ असते त्याच कवड्या, मी बेनिनमध्ये म्युझियमच्या काचेत बघितल्या. पूर्व किनाऱ्यावर तर संबंध थेटच. झांझिबारच्या बाजारात हस्तिदंत आणि माणसं आणणाऱ्या तांड्यांना भांडवल द्यायला कच्छी आणि गुजराती पेढ्या होत्या, काहींच्या घरी गुलामही होते. तो बाजार 1873 साली बंद करायला जो इंग्रज गेला तो बार्टल फ्रिअर, आधी मुंबईचा गव्हर्नर. समुद्रावर सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, त्यातली कितीतरी नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, मराठी मुलुखात सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याचं प्रेत जंगलातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत ही नाशिकची पोरं होती, त्यांच्यातला जेकब वेनराइट तर 1874 साली लंडनपर्यंत गेला. नाशिकला शरणपूर रोडवर आज किती दुकानं आहेत, पण हे तिथे फारसं कोणी सांगत नाही.

त्याच 1873 साली जोतीरावांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवायला झीज सोसली त्यांना ती अर्पण केली, माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. ते गोऱ्यांना वाहिलेलं पुस्तक आहे, लाभ होत असलेल्या बाजूकडून उठलेल्या माणसांना. आम्ही खोतांच्या, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणाऱ्यांच्या, घरातले. 1937 साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात आणलं, पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली, पण वरकस डोंगर आमच्या नावावर राहिले, आणि त्या डोंगरावर काजू लागला, आणि त्या काजूवर मी शिकलो, आणि म्हणून बेनिनला जाऊन आउटटर्न काढतो. ज्यांनी ते डोंगर पिढ्यान्‌पिढ्या साफ केले त्या घरांतली माणसं आमच्या फॅक्टरीत बी सोलतात. मी कोणाला छळलेलं नाही. पण हे विधान खरं असूनसुद्धा पुरेसं नाही हे मला कळतं, आणि मला राग त्याचाच येतो की आरक्षणाचा विषय निघाला की आमच्यात जे बोललं जातं ते शब्दाला शब्द तेच असतं, आम्ही काय केलं, आणि त्यांच्यातलेच एकमेकांना कमी समजतात की.

2024 च्या सप्टेंबरात बेनिनने कायदा केला, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून नेले गेले त्यांच्या वंशजांना अर्ज करून बेनिनचं नागरिकत्व मिळेल. पुढच्या वर्षी सिआरा ही अमेरिकन गायिका येऊन ते घेऊन गेली, सगळीकडे फोटो. मी सुपरवायझरला फोन केला, म्हटलं बघ, तुमच्या सरकारने चांगलं केलं. तो म्हणाला, चांगलंच केलं, त्यांचा हक्कच आहे. पण पात्रों, जे समुद्रापलीकडे गेले त्यांना पासपोर्ट, आणि ज्यांची गावं जळली आणि जे इथेच राहिले त्यांचं काय. आबोमेला राजांचं आणि त्या लढवय्या बायकांचं नवीन म्युझियम बांधतायत, फ्रान्सच्या पैशातून, फ्रान्सने 2021 मध्ये परत केलेल्या 26 वस्तू तिथे जाणार आहेत, राजांची सिंहासनं वगैरे. त्याला तिथे एक खोली पाहिजे, केतूची आणि माही लोकांच्या गावांची नावं लिहिलेली. ड्रायव्हर बाजूलाच होता, मागून ओरडला, लिहा की, पण मग बंदुका विकणाऱ्यांची नावंही लिहा, फ्रान्सचं नाँत आणि इंग्लंडचं लिव्हरपूल आणि बाहिया. सुपरवायझर म्हणाला, लिहू, ती दुसऱ्या भिंतीवर, आधी आमची. मला विचाराल तर मी सुपरवायझरच्या बाजूने आहे. बंदुकीचा मुद्दा खरा आहेच, पण ज्याच्या घरात सिंहासन परत येतंय त्याने आधी आपली भिंत लिहावी, मग नाँतला आणि लिव्हरपूलला विचारायला जावं, त्यांना टाळायला एक सबब कमी राहील.